दुसऱ्यांदा विझलेला तारा

काटेवाडी, ३ एप्रिल १९९४

बुद्धघोष,

मायन्यावर पंधरा मिनिटं गेली. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू हसला असतास, आणि 'सप्रेम नमस्कार' लिहिला असता तर रश्मीला वाचून दाखवून दोघं मिळून हसला असता. म्हणून नुसतं नाव. सव्वादोन वर्षांनी लिहितोय, तेही कामापुरतं.

कात्रण तू पाठवलंस ना?

गुरुवारी शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. पत्ता कुणा पोराच्या हातचा, आत चिठ्ठी नाही, सही नाही. टपालाचा शिक्का इतका पुसट की भिंग लावूनही गाव लागेना. आत वर्तमानपत्राचा चार बोटं रुंद तुकडा. गुरूकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाने गेल्या ऑगस्टमध्ये इडा नावाच्या लघुग्रहाचे फोटो काढले होते, ते आता पृथ्वीवर येऊन पोचलेत आणि त्यात इडाच्या शेजारी एक चिमुकला दगड दिसतोय, अशी बातमी. इडा छप्पन्न किलोमीटर लांब, हा जेमतेम दीड. लघुग्रहालाही चंद्र असतो, याचा पहिला पक्का पुरावा. 'पक्का पुरावा' या शब्दांखाली कुणीतरी निळ्या शाईने रेघ ओढली आहे. पट्टी न लावता.

अशी रेघ ओढायचं कारण जगात एकाच माणसाला आहे.

मी काही विसरलेलो नाही, हे तुला कळावं म्हणून सगळं पुन्हा लिहितो. ५ डिसेंबर १९९१, गुरुवार, रात्री आठ बावीस. वृषभ राशीतल्या एका अंधूक ताऱ्यापुढून एक लघुग्रह सरकणार होता. त्याची सावली आधी इंदापूरवरून आणि मग चार सेकंदांनी काटेवाडीवरून जाणार, असं पुण्याच्या आकाशनिरीक्षक मंडळाने कळवलं होतं. तू इंदापुरात तुझ्या गच्चीवर, मी इथं अंगणात. आपण दोघांनी मिळून घासलेले दोन आरसे, एक तुझ्या दुर्बिणीत, एक माझ्या. शेजारी रेडिओवर दिल्लीचे सेकंदाचे ठोके, आणि टेपवर आपलं 'गेला' आणि 'आला'. तारा दोघांकडेही सात सेकंद विझला. इथपर्यंत भांडण नाही.

पुढे तू लिहिलंस की थोड्या वेळाने तो आणखी एकदा, अर्धा सेकंद विझला. म्हणजे त्या लघुग्रहामागून आणखी काहीतरी छोटं गेलं. मी लिहिलं, काटेवाडीहून असं काही दिसलं नाही. मुख्य घटनेनंतर नियमाप्रमाणे पूर्ण दोन मिनिटं मी डोळा लावून होतो. तेव्हाही हेच लिहिलं, आजही हेच लिहितो. त्या वेळी अंगणात आबा होते, सारजा होती, हवं तर त्यांना विचार. म्हणजे विचारायची काही गरज नाही.

पापणी लवते. डास आडवा जातो. साखर कारखान्याचा हंगाम असतो, धूर असतो. मी तेव्हा समजुतीनेच घेत होतो. तूच उठून परभणीला गेलास.

इडाला चंद्र सापडला म्हणून आपल्या त्या दगडाला सापडला असं होत नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण ही कात्रणं पाठवणं बंद कर.

मानसिंग


काटेवाडी, २२ एप्रिल १९९४

बुद्धघोष,

एकोणीस दिवस झाले. परभणीला पत्र चार दिवसांत पोचतं, हे मी पोस्टात विचारून घेतलंय. म्हणजे एकतर तू वाचून गप्प आहेस, नाहीतर रश्मीने तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. ती मला कधीच फारशी जवळची मानत नव्हती. तिच्या हातचं वांग्याचं भरीत खाताना मला नेहमी वाटायचं की माझ्या पानात तिखट मुद्दाम जास्त पडलंय. पत्र तिच्या हाती पडलं असेल तर, वहिनी, हे तुमच्यासाठी नाही. पुढे द्या.

एक गोष्ट मान्य करतो. कात्रण उलटं करून बघितलं. मागे सुप्याच्या जनावरांच्या बाजाराची जाहिरात आहे, म्हणजे अंक आपल्या भागातला. परभणीच्या अंकात सुप्याचा बाजार कोण छापेल? तेव्हा कापणारा हात इकडचाच आहे. तुझाच कुणीतरी.

मी गेल्या रविवारी इंदापूरला गेलो होतो. काम होतं. तुझ्या घरावरून जाताना तुझ्या आई, मालनबाई, ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. हाक मारून बोलावलं, पाणी दिलं, आबांच्या गुडघ्याची चौकशी केली. तुझ्याविषयी एक शब्द नाही. मी सहज विचारलं, तुम्ही पेपर घेता का? तर म्हणाल्या, "मला वाचता येत असतं तर तुमच्या भांडणाचं कारण तरी कळलं असतं, सर." मग मी निघालो. त्यांनी चहा ठेवला होता, तो घेतला नाही.

आता खरं काम. आप्पासाहेबांचं पत्र आलंय. मंडळाच्या नोंदवह्या अजूनही तेच सांभाळतात. इडाच्या बातमीनंतर परदेशातले अभ्यासक जुन्या संशयास्पद नोंदी मागवतायत. ज्या ज्या ठिकाणी कुणाला दुसऱ्यांदा तारा विझलेला दिसला होता, त्या सगळ्या. आपली एक आहे. आप्पासाहेब विचारतात की काटेवाडीच्या निरीक्षकाने, म्हणजे मी, मुख्य घटनेनंतर दोन मिनिटं सलग डोळा लावला होता का? होय किंवा नाही, सहीनिशी, ३० जूनच्या आत. 'होय' असेल तर इंदापूरची नोंद कायमची रद्द होईल आणि तसा शेरा तुझ्या नावापुढे जाईल. 'निरीक्षण अविश्वसनीय' असा शब्द त्यांनी वापरलाय. माझा नाही तो शब्द.

आपली दोन्ही ठिकाणं सावलीच्या एकाच वाटेवर होती, त्यामुळे जे इंदापुरात दिसलं ते काटेवाडीत दिसायलाच हवं होतं, असं त्यांचं गणित आहे. गणित बरोबर आहे.

मला असं सुचतं की तू स्वतःच आप्पासाहेबांना दोन ओळी लिहून नोंद मागे घ्यावीस. 'थकवा होता, खात्री नाही,' एवढं पुरे. त्यात कमीपणा नाही, सगळ्यांचं होतं. मग मला सही करावी लागणार नाही आणि तुझ्या नावापुढे शेराही येणार नाही. दोघांच्या सोयीचं आहे.

तुझ्या भल्यासाठीच लिहितोय. यात माझा काय फायदा?

मानसिंग


काटेवाडी, ९ मे १९९४

बुद्धघोष,

कात्रण तू पाठवलं नव्हतंस. माफी मागायची ती मागेन, आधी कसं कळलं ते ऐक.

शाळेला सुट्टी लागली आणि माझ्या डोक्याला उद्योग राहिला नाही. पलंगाखालची वर्तमानपत्रांची चळत काढली आणि तारखा लावत बसलो. सारजा दोनदा येऊन बघून गेली. २७ मार्चच्या अंकाचं पाचवं पान उघडलं तर मधोमध चौकोनी भोक. म्हणजे मी इंदापूरच्या ओट्यांवर संशय घेत फिरत होतो आणि कात्री माझ्याच घरात होती. घरात निळ्या शाईचं पेन एकच आहे आणि ते सारजाचं. महिला मंडळाची पत्रं ती त्याने लिहिते.

मी भोक तिच्यासमोर धरलं. तिला घाम फुटेल असं वाटलं होतं. तिने पीठ मळायचं थांबवलंसुद्धा नाही.

"तुमी डोळा काढला व्हता," म्हणाली. "दोन मिंटं आबा बघत व्हते. मी चहा घिऊन तितंच उभी व्हते."

आता तू हे वाचून उठून उभा राहिला असशील. बस खाली. पूर्ण वाच.

हो, आबांना मी दुर्बिणीपाशी बसवलं होतं. सात सेकंदांची घटना संपली, आणि आबा संध्याकाळपासून शेजारी बसून 'मला बी दाव' म्हणत होते. मी म्हटलं, झालं आबा, आता बघा तारा. मी वही लिहायला वळलो. टेप चालूच होता. थोड्या वेळाने आबा म्हणाले, ग्येला. लगेच म्हणाले, आला. मी हसलो आणि म्हटलं, तुमची पापणी लवली. आबांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला. मेंढरं राखण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्याचं 'ग्येला' म्हणजे काही शास्त्रीय निरीक्षण नव्हे. मी ते लिहिलं नाही यात खोटं काय? कोणत्या डोळ्याने बघितलं हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

ठाऊक आहे. डाव्या. चांगल्या.

सारजाचं एवढ्यावर संपलं नाही. मी ती कॅसेट दोन वर्षं शोधतोय हे तिला माहीत होतं. कपाटं उपसली, शाळेतलं टेबल उपसलं, एकदा मुलांवर आळ घेतला. ती म्हणाली, "क्यासेट माझ्या ट्रंकंत हाय. तुमी पुसनार व्हता, ठावं हाय मला."

पुसणार होतो. गॅदरिंगची गाणी भरायची, म्हणजे पुसल्यासारखंही वाटलं नसतं.

मी तिला विचारलं, तू कधीपासून त्यांच्या बाजूची झालीस? त्यावर तिने आणखी एक सांगितलं, जे मला नको होतं. तू इंदापूर सोडायच्या आधी ती आणि रश्मी बाजारात भेटल्या होत्या. त्या ५ डिसेंबरला तुमच्या वस्तीतून दादरला चैत्यभूमीला जाणारा ट्रक दुपारी सुटला. मालनबाई त्यात होत्या. तू चढला नाहीस. लोक तुला बोलले, आईने निघताना तोंड फिरवलं, पण तू ताऱ्यासाठी मागे थांबलास. आठ बावीसचं सगळं आटोपून, वही लिहून, मग रात्रीच्या एसटीने उभ्याने गेलास. सकाळी गर्दीत आईला शोधत फिरलास.

हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नव्हतं, हेही तितकंच खरं. याचं मला इतकं का लागलं ते तुला आज कळणार नाही. कारण मी आप्पासाहेबांना काय काय लिहिलं होतं, त्यातलं अर्धंच तुला ठाऊक आहे.

ते नंतर.

मानसिंग


काटेवाडी, २४ मे १९९४

बुद्धघोष,

तुझं कार्ड आलं. तीन पत्रांना मिळून दोन ओळी: 'कॅसेट नीट ठेव. त्यावरचा आकडा मला सांगू नकोस, माझा मी तुला सांगणार नाही.'

मायना नाही, खाली नाव नाही. पण अक्षर तुझं आहे आणि शिस्तही तुझीच. दोन निरीक्षकांनी एकमेकांना आकडा, म्हणजे तारा केव्हा विझला ती वेळ, सांगायचा नाही, आपापला बंद पाकिटात पुण्याला पाठवायचा, हा मंडळाचा नियम तू पाळलास. मला आधी राग आला. वाटलं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही? मग म्हटलं, का असावा? तुझा आकडा मला कळला असता तर मी टेप ऐकताना तोच ऐकला असता, नाहीतर मुद्दाम दुसरा. तुझा संशय बरोबर जागी आहे. माझा कधीच नव्हता.

आता ते दुसरं अर्धं.

जानेवारी ९२ च्या बैठकीत आप्पासाहेबांनी माझं पत्र वाचून दाखवलं, ते तू ऐकलंस. पूर्ण दोन मिनिटं डोळा लावून होतो, वगैरे. त्या पत्राला एक वेगळा कागद जोडला होता, वर 'खाजगी' लिहून. आप्पासाहेबांनी तो वाचला नाही, खिशात ठेवला. भला माणूस आहे. त्यात मी लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर होता, या लोकांची आदल्या दिवशी मुंबईला जायची गडबड असते, तेव्हा निरीक्षक जागेवर हजर होता की नाही याचीच शंका आहे. नोंद घरी बसून केली असण्याचा संभव नाकारता येत नाही.

'या लोकांची.' मी लिहिलंय. माझ्या अक्षरात, काळ्या शाईत.

इंदापूरला पुण्यातला कुणी प्राध्यापक बसला असता आणि त्याने दुसऱ्यांदा तारा विझला म्हटलं असतं, तर मी असा कागद जोडला असता का? नसता जोडला. धावत आबांकडे गेलो असतो, म्हटलं असतं, आबा, परत सांगा, काय दिसलं? माझ्या चुकीवर पांघरूण घालायला मला एक कारण हवं होतं आणि तुझ्या बाबतीत ते आयतं हाताशी होतं. आठ वर्षांची मैत्री, हॅलेच्या धूमकेतूसाठी सुप्याच्या माळावर एका घोंगडीत काढलेल्या रात्री, मालनबाईंच्या हातच्या भाकरी, सगळं बाजूला ठेवून मी ते कारण उचललं. आणि एकदा उचललं की मला ते खरंच वाटायला लागलं. मी मनापासून तुझा संशय घेत होतो, बुद्धघोष. हे मला सर्वांत लाजिरवाणं वाटतं. नुसता खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

बैठकीनंतर स्वारगेटला तू गाडीत चढता चढता मागे वळलास आणि एवढंच विचारलंस, "मानसिंग, तू डोळा लावून होतास?" मी म्हटलं, हो. तू खिडकीशी बसलास आणि बारामतीपर्यंत बाहेर बघत राहिलास. सहा महिन्यांनी कळलं की टेलिफोन एक्स्चेंजमधून बदली मागून घेतलीस. मी सगळीकडे सांगितलं, बढतीवर गेला.

काल संध्याकाळी मी आबांना विचारलं. कॅसेट ऐकवली नाही, काही सुचवलं नाही, फक्त विचारलं की त्या दिवशी दुर्बिणीतून काय दिसलं होतं.

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं आणि कालचंच असल्यासारखं सांगितलं. म्हणाले, "तू म्हनलास, झालं. पर मी बघतच ऱ्हायलो. मेंढरं वाघरंच्या वाड्यात गेली म्हनून लगी जाळी बांदत न्हाईत. मागं एखादं ऱ्हातंच. तसंच झालं बघ. तारा ग्येला आन् आला. पापनी न्हवं ती. पापनी लवली तर समदंच जातंय, आजूबाजूच्या चांदन्या बी जात्यात. त्या व्हत्या जाग्यावर."

मी विज्ञान शिकवतो. एकोणीस वर्षं शिकवतो. पापणी लवली तर शेजारचे तारेही जायला हवेत, हे मला सुचलं नव्हतं. मला सुचायला नको होतं.

मग आबा म्हणाले, पुण्याच्या वहीत ते असेलच की. त्यांनी काटेवाडीत सांगितलंय, कन्हेरीला आत्याच्या घरी सांगितलंय, की आपण बघितलेलं पुण्याला लिहून ठेवलंय. लोक थट्टा करतात तेव्हा सांगतात, माझ्या पोराने लिहिलंय, जाऊन बघा.

"लिवलंस न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

स्वारगेटला तुला म्हटलं होतं तसंच. जीभ तीच, चव तीच. सारजा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. रात्री जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही. लग्नाच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तुला मी नोंद मागे घे म्हणून लिहिलं होतं. घेतली नाहीस ना? कृपा करून घेऊ नकोस.

मानसिंग


काटेवाडी, ११ जून १९९४

बुद्धघोष, सप्रेम जयभीम.

हे पत्र टपालाने येणार नाही. सारजा तुझ्या हातात देईल. पाकीट मी चिकटवलेलं नाही. तिने वाटेत वाचावं आणि मी कुठे काही वेगळं लिहिलं असेल तर तुला तिथल्या तिथे सांगावं, म्हणून.

आप्पासाहेबांना उत्तर गेलं. 'नाही. मुख्य घटनेनंतर मी डोळा काढला होता. त्या दोन मिनिटांत माझे वडील दत्तोबा दुर्बिणीपाशी होते आणि त्यांनी तारा दुसऱ्यांदा विझल्याचं तिथल्या तिथे सांगितलं. ते टेपवर आहे. मी ते लपवलं. इंदापूरच्या निरीक्षकाबद्दल खाजगीत लिहिलेला मजकूर खोटा आणि हलका होता. तो कागद जवळ असेल तर सर्वांसमोर वाचावा.' सही केली. पाकीट पोस्टात टाकायला निघालो तर सारजा म्हणाली, द्या इकडं. ती स्वतः बारामतीला जाऊन टाकून आली, रजिस्टर करून. पावती तिच्याच कनवटीला आहे.

मला याचा राग येत नाही असं नाही. येतो. चार दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. स्वतःच्या घरात चोरासारखं वागवून घ्यायचं म्हणजे काय, हे मला आत्ता कळतंय. तू दोन वर्षांहून जास्त काळ ते सोसलंस, तेही काही न करता.

कॅसेटसुद्धा माझ्या हातात दिली नाही. मी म्हटलं, पुण्याला पाठवू. ती म्हणाली, "आदी त्यांच्या हातात. मंग त्यांनी काय करायचं ते करतील." मी अजून ती ऐकलेली नाही. त्यामुळे आकडा मलाही ठाऊक नाही, आणि तुझ्या कार्डातली अट आपोआप पाळली गेली.

एक काम राहिलं होतं ते आज केलं. आबांना खरं सांगितलं. सकाळी, सगळ्यांच्या देखत, उन्हात बसलेले असताना. म्हटलं, आबा, मी लिहिलं नव्हतं. उलट लिहिलं होतं. बुद्धघोषला दिसलं ते खोटं, असं मी पुण्याला कळवलं. तुम्ही बघितलेलं दाबून ठेवलं आणि गेल्या महिन्यात तुमच्या तोंडावर पुन्हा 'हो' म्हटलं.

मला वाटलं, आता आबा विचारतील, लोकांना मी काय तोंड दाखवू? कन्हेरीला काय सांगू? त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. चांगली उत्तरं होती.

त्यांनी ते काहीच विचारलं नाही. म्हणाले, "मंग त्या पोराचं काय झालं?"

मी सांगितलं. बैठकीत मान खाली घालून बसला, परत कधी मंडळात आला नाही, बदली मागून गाव सोडलं, दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकली असं ऐकलं. आई इंदापुरात एकटी आहे. सांगताना मला पहिल्यांदाच ते सगळं एका ओळीत दिसलं. इतके दिवस मी ते तुकड्यातुकड्याने सांगायचो, म्हणजे कुठेच माझा हात दिसायचा नाही.

आबा भिंतीला धरून उठले. गुडघा दुखतो म्हणून ते हल्ली मारुतीच्या देवळापर्यंतही जात नाहीत. आत गेले, धुतलेलं धोतर काढलं, पटका बांधायला बसले. सारजाने विचारलं, कुठं निघालात आबा? म्हणाले, "परभनीची गाडी कंदी हाय ते बघ."

म्हणून ते दोघं येतायत. उद्या सकाळच्या एसटीने निघतील, अंधार पडायच्या आत पोचतील. आबांना गाडी लागते, रश्मीवहिनींना सांग की आल्या आल्या नुसतं लिंबूपाणी द्यावं. आणि त्यांच्या पानात तिखट कमी, हे खरंच.

आल्यावर आधी कॅसेट लावू नकोस. आधी आबांना विचार, काय दिसलं, केव्हा दिसलं. तुला काय दिसलं ते सांगू नकोस. त्यांचं ऐकून झालं की मग टेप लाव, ठोके मोज, आणि मग तुझी वही उघड. तुझी न् आमची वेळ जुळली तर पुण्याला लिहिताना निरीक्षक म्हणून त्यांचं नाव लिही, दत्तोबा, काटेवाडी. माझं लिहू नकोस. नाही जुळली तर तेही तसंच लिही. ते मी तुला सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी अंगणात बसून त्यांना पिशवी भरताना बघतोय. येण्याची माझी खूप इच्छा आहे. पण तू बोलावलेलं नाहीस, आणि आबांनीही मला 'चल' म्हटलेलं नाही.

मानसिंग